सप्ताहाचं सरपण आणि अकरा अनोळखी ओंडके

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं एक गाव. माघात देवळात सात दिवसांचा हरिनाम सप्ताह, शेवटच्या दिवशी चारशे-साडेचारशे पानांचा महाप्रसाद. त्यासाठीचं सरपण वखारीतून येत नाही, घरटी जमेल तसं येतं. कोणी बागेतल्या छाटणीच्या फांद्या आणून टाकतं, कोणी कुंपणाशी पडलेला ओंडका, कोणी मोडकी खाट. या वेळी तेवीस घरांचं मिळून पाऊण टनाच्या आसपास लाकूड देवळामागच्या मांगरात (साठवणीच्या छपरात) जमलं होतं.

महाप्रसादाला दोन दिवस असताना सकाळी दोन मुलांनी ते फोडायला घेतलं. पहिल्याला अर्ध्या तासाच्या आत मानेवर आणि खांद्यावर अशी खाज सुटली की तो कुऱ्हाड टाकून विहिरीकडे पळाला. दुसऱ्याने संध्याकाळपर्यंत काम केलं, त्याला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा मात्र त्याच्या डाव्या हाताची आतली बाजू मनगटापासून कोपरापर्यंत लाल होऊन सुजली होती आणि तिच्यावर पाण्याचे बारीक फोड आले होते. तेवढ्यात कोणाच्या तरी नजरेत आलं की ढिगातल्या काही ओंडक्यांच्या कापावर काळे डाग पडले आहेत. एका आजोबांनी हात पाहिला, ओंडके पाहिले आणि निदान करून टाकलं: "बिबो उतललो दिसता," म्हणजे बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजलेली दिसते. आचाऱ्याने त्यावर सांगितलं की यातलं एक जरी लाकूड चुलाणात गेलं, तरी मी पातेल्याला हात लावणार नाही.

आचाऱ्याची भीती अनाठायी नव्हती. बिब्ब्याच्या झाडाच्या सालीत आणि बीच्या कवचात दाहक तेल असतं. लाकूड सुकलं म्हणून ते तेल निकामी होत नाही. असं लाकूड जाळलं की तेलाचे कण काजळीवर बसून धुराबरोबर हवेत जातात आणि डोळे, चेहरा, घसा, श्वासनलिका यांना लागतात. हातावर उतलेला बिब्बा आठ-पंधरा दिवस त्रास देऊन बरा होतो, श्वासातून गेलेल्याचा मामला वेगळा. मांडवाखाली चार चुलाणं, वाढपी, पंगतीला बसलेली पोरंबाळं, म्हातारी माणसं. कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा झाला असता.

मग संशयित ओंडके सरळ बाजूला का काढले नाहीत? काढता आले असतेच. अकराच होते, शंभर-दीडशे किलो. प्रश्न त्यांचा नव्हताच. एका झाडाचे ओंडके आले की त्याच झाडाच्या फांद्या, काटक्या आणि आदल्या दिवशी फोडताना उडालेल्या ढलप्याही ढिगात असतात, आणि चूल पेटवायला पहिल्यांदा हात जातो तो ढलप्यांकडे. ओंडके फेकून ढलप्या ठेवल्या तर काहीच साधत नाही. लाकूड ओळखायचं होतं ते उरलेल्या ढिगातून आणखी काय काय उपसायचं, हे कळावं म्हणून.

ढीग लावणं

पहिली चूक इथेच होत होती. "हे लाकूड कसलं?" असं सगळे विचारत होते, जणू मांगरात एकच लाकूड पडलं होतं. तेवीस घरांच्या ढिगाला एक नाव नसतं. म्हणून लाकडाला हात लावण्यापूर्वी ते घरागणिक वेगळं करायला घेतलं. हात लावतानाही कोपरापर्यंत जाड प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटावर रबर लावले. सुती हातमोज्यातून हे तेल आत झिरपतं आणि मोजा दिवसभर अंगाला तेल लावत राहतो. औषधाच्या दुकानात मिळतात ते पातळ रबरी मोजेही याला पुरत नाहीत.

कुठलं लाकूड कोणाचं, हे विचारून फारसं हाती लागलं नाही. निम्म्या घरांचं उत्तर एकच: "जंगली हा." कोकणात हे उत्तर नेहमी अज्ञानातून येतं असं नाही. ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. देवळाच्या सरपणासाठी कोणी कोणाला पकडत नाही, पण नाव उच्चारण्यापेक्षा "जंगली" म्हणणं सोपं जातं.

लाकडाचं टोक मात्र खरं बोलतं. चेनसॉचा काप सपाट असतो आणि त्यावर आडवे, जवळजवळ समांतर ओरखडे दिसतात. गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वळतात. कुऱ्हाडीने तोडलेल्या ओंडक्याचं टोक दोन बाजूंनी उतरतं, कोयत्याचा काप लहान, तिरका आणि गुळगुळीत असतो. मोळीला बांधलेलं सुंभ, नायलॉनची दोरी, रानवेल, ठिबकाची जुनी नळी ही तर घराची सहीच. या खुणांवरून दीड तासात ढिगाचे सात भाग पडले.

मोठा भाग, अंदाजे चारशे किलो, अकेशियाचा निघाला. सामाजिक वनीकरणातून कोकणभर पसरलेली ही ऑस्ट्रेलियन बाभूळ ओळखायला कष्ट पडत नाहीत. बाहेर पिवळट पांढरी अरुंद कड, आत गडद तपकिरी गाभा, पातळ करडी साल. आणि फांद्यांवर वाळून राहिलेली कोयत्यासारखी वळलेली, उभ्या शिरांची पानं, जी वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने पानं नसून रुंदावलेले देठ आहेत. दुसरा भाग ऐन: काळपट, चौकटी-चौकटींनी फाटलेली मगरीच्या पाठीसारखी साल. तिसरा आंबा, चौथा फणस. फणसाचा पिवळाधमक गाभा कोणालाही चुकत नाही. पाचव्या भागात रंग दिलेल्या खिडकीची चौकट, प्लायवूडचे तुकडे आणि खाटेचे पाय होते. तो भाग न तपासता बाहेर काढला, कारण जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि प्लायवूडमध्ये डिंकरसायनं असतात. बिब्ब्याच्या गडबडीत याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

सहावी एक मोळी अकेशियाच्याच बारीक फांद्यांची होती, पण रानवेलीने करकचून बांधलेली. तिच्याकडे पुढे येऊ.

सातवा भाग त्या अकरा ओंडक्यांचा. दोन ते अडीच फूट लांब, १५ ते २२ सेंटिमीटर व्यासाचे, बहुतेकांची साल निघालेली, टोकांना काळे डाग. सगळ्यांनी त्यांना एकाच माळेत ओवलं होतं. कापांवर नजर फिरवल्यावर माळ तुटली: नऊ ओंडके कुऱ्हाडीने तोडलेले, दोन चेनसॉने.

काळ्या डागाचे दोन प्रकार

लाकडावर काळं दिसलं की ते बिब्ब्याचं, हा समज कोकणात पक्का आहे आणि तो निम्मा चूक आहे. ऐन, किंजळ, खैर, हिरडा, बाभूळ यांच्या लाकडात किंवा सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. टॅनिनला ओल आणि लोखंड एकदम मिळालं की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करत ती याच मेळातून. ओल्या किंजळावर कुऱ्हाड चालवली, किंवा दवात भिजलेल्या ओंडक्यावर कोयता रात्रभर टेकवून ठेवला, की सकाळी त्या जागी डाग हजर.

बिब्ब्याचा काळेपणा वेगळ्या जातीचा. त्याला लोखंड लागत नाही. सालीतून आलेला चीक हवा लागली की आधी तपकिरी आणि मग काळा होतो, आणि वाळल्यावर लाखेसारखी चकचकीत पापुद्र्याची रेघ राहते. बिब्ब्याच्या बीतलं हेच तेल चुन्याबरोबर लावून परीट कपड्यांवर खुणा करत. ती खूण भट्टीतूनही जात नसे, म्हणून तर तिचा उपयोग होता.

या फरकावर एक स्वस्त चाचणी बेतता येते. लिंबाच्या रसाने टॅनिन-लोखंडाचा डाग फिकटतो, कारण रसातलं आम्ल त्यातलं लोखंड ओढून घेतं. बिब्ब्याचा डाग ढिम्म राहतो.

प्रत्येक ओंडक्यावरचा सगळ्यात काळा डाग निवडला. त्याच्या अर्ध्या भागावर लिंबाची फोड दहा मिनिटं दाबून ठेवली, अर्धा भाग तुलनेसाठी कोरडा सोडला. मग ओल्या फडक्याने पुसलं. नऊ ओंडक्यांवर लिंबाखालचा भाग निळसर काळ्याचा फिकट तपकिरी झाला; फडक्यावर राखाडी पाणी उतरलं. चेनसॉवाल्या दोन ओंडक्यांवर काहीही फरक नाही. फडकं कोरडं करून बोटाच्या नखाने (पिशवीवरूनच) खरवडलं तेव्हा त्या दोनांवरून काळ्या चकाकत्या टिकल्या सुटून आल्या. डागांची जागाही वेगळी होती. नवांचे डाग कापावर कुठेही पसरलेले, कुऱ्हाडीच्या घावांच्या दिशेने ओढलेले. दोघांचे डाग कापाच्या कडेला, सालीच्या आतल्या थरातून पाझरून खाली ओघळलेले.

दोन सूचना. लिंबाऐवजी व्हिनेगर वापरलं तर परिणाम फार मंद येतो आणि दहा मिनिटांत निकाल फसवा लागतो. आणि डाग खूप जुना, उन्हात भाजलेला असेल तर लिंबालाही जास्त वेळ द्यावा लागतो.

नऊ ओंडक्यांचा काप

आता नवांना नाव द्यायचं. साल नव्हती, पानं नव्हती, म्हणून काप वाचायचा. करवतीने किंवा कुऱ्हाडीने तोडलेल्या टोकावर भिंग धरणं व्यर्थ आहे. तंतू चेचलेले असतात आणि छिद्रं बुजलेली. ओंडक्याच्या टोकाला, गाभ्याच्या भागात, अंगठ्याएवढी जागा पाण्याने भिजवायची आणि दाढीच्या कोऱ्या ब्लेडने एकाच दिशेने दोन-तीन पातळ साली काढायच्या. ब्लेड बोथट झालं की नवीन घ्यायचं, इथे चिकटपणा केला तर चित्र दिसत नाही. मग १० पट भिंग डोळ्याला टेकवून लाकूड भिंगाजवळ आणायचं, उलट नाही.

नऊच्या नऊ कापांत एकच चित्र: मध्यम ते मोठी, नुसत्या डोळ्यांनाही टाचणीच्या टोकाएवढी जाणवणारी छिद्रं, सगळीकडे सारखी विखुरलेली. प्रत्येक छिद्राभोवती फिकट उतीचं वलय, त्या वलयाला दोन्ही बाजूंना पंख फुटलेले, आणि शेजारच्या छिद्रांचे पंख एकमेकांना मिळून तुटक नागमोडी पट्टे झालेले. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा इतक्या बारीक की भिंगाशिवाय नाहीत. बाहेरचं लाकूड पिवळट पांढरं, गाभा राखाडी तपकिरी.

हे चित्र ऐन-किंजळाच्या कुळाला फिट बसतं. पण आंब्याचा कापही याच्या बराच जवळ जातो. त्यालाही छिद्रांभोवती पंख असतात. भिंगावर सगळा भरवसा टाकणारे इथे फसतात. म्हणून वजन.

लाकडाची घनता घरी मोजायला फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक भांडं लागतं. ओंडक्याच्या गाभ्यातून मुठीएवढा, भेगा नसलेला तुकडा काढून त्याचं वजन घ्यायचं. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, तुकड्यात बारीक तार टोचून तो पूर्ण पाण्याखाली दाबायचा. तुकडा भांड्याच्या तळाला किंवा बाजूला लागता कामा नये. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. तुकडा पाणी प्यायच्या आत, पाच-सात सेकंदांत आकडा टिपायचा. नवांपैकी एकाचा तुकडा ३८६ ग्रॅम भरला आणि पाण्याखाली काट्याने ४९२ दाखवले. ३८६ भागिले ४९२, म्हणजे ०.७८. आणखी दोघांचे आकडे ०.७६ आणि ०.८० आले. वाळलेला आंबा ०.६ ते ०.७ च्या दरम्यान राहतो, ऐन साधारण ०.८ ते ०.९, खैर जवळपास १.

ओलं लाकूड या हिशोबात खोटं बोलतं. ओला आंबा सहज किंजळाएवढा भरतो. म्हणून आधी वाळल्याची खात्री केली. टोकांना मध्यापासून निघणाऱ्या भेगा होत्या, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणत्कार येत होता, दबका आवाज नव्हे.

शेवटचा दुवा एका ओंडक्याच्या खाचेत मिळाला: तळहाताएवढी चिकटून राहिलेली साल. तपकिरी, पातळ ढलप्यांनी सुटणारी. ऐनासारखी खोल चौकटींची नव्हे. रंग, काप, वजन, टॅनिन आणि ही साल यांचा मेळ किंजळावर बसला. ऐन की किंजळ याबद्दल यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन्ही सरपण म्हणून उत्तम आणि निर्धोक, चुलाणासाठी निर्णय एकच.

उरलेले दोन

या दोघांचा तुकडा २१४ ग्रॅम भरला आणि आकारमान ४०२ निघालं: ०.५३. गाभा आणि बाहेरचं लाकूड यांत रंगाचा फरक जवळजवळ नाही, सगळंच राखाडी पांढरं, मऊ, नख रुततं. किंजळ, ऐन, अकेशिया बाद. लिंबाने न जाणारा चकचकीत काळा चीक. बिब्बा म्हणायला हरकत नव्हती, आणि मंडळींनी ते म्हणूनही टाकलं.

पण हरकत होती, आणि तिचं नाव काजू. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या सालीतला चीकही हवेत काळा पडतो, आणि काजूचं लाकूडही मऊ, हलकं, याच घनतेच्या आसपासचं. लिंबू आणि काटा या दोघांत भेद करू शकत नाहीत. भेद करणं तर गरजेचं, कारण काजूच्या छाटणीचं लाकूड कोकणात घरोघर जळतं. ते जर दुखणं देत असतं तर अर्धा जिल्हा सुजलेला दिसला असता. (काजूबीचं टरफल वेगळं. ते चुलीत टाकायचं नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं.) आंब्याची समिधा तर होमात जाते. कूळ एक आहे म्हणून लाकूड फेकायचं ठरवलं तर मांगर रिकामा झाला असता.

इथे कागदाची चाचणी करून पाहिली. सालीच्या आतल्या थरात ब्लेडने ताजी खाच पाडायची, पांढरा कागद दाबायचा, कागद सावलीत ठेवून दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. बिब्ब्याचा ताजा चीक आधी तपकिरी, मग काळा होतो. तासाने कागदावर फिकट पिवळट ओल, बाकी काही नाही. याचा अर्थ "बिब्बा नाही" असा घ्यायचा नसतो. चीक काळा व्हायला सालीतलं एक विकर (एन्झाइम) आणि ओल लागते. सुकलेल्या सालीत ती प्रक्रिया थंडावलेली असते, तेल मात्र जागेवर असतं. ही चाचणी होकार देते तेव्हा विश्वास ठेवावा, नकार देते तेव्हा नाही.

जाळून पाहू, एक लहान ढलपी, मोकळ्यावर, असं एकाने सुचवलं. जाळून ओळखण्याची पद्धत आहेच: ज्योतीचा रंग, राख, वास. पण ती संशय बिब्बा, कण्हेर किंवा खाडीकाठच्या विषारी हुऱ्यावर असताना करायची नसते. चाखून पाहणंही तसंच. विषारी काजऱ्याचं (कुचल्याचं) लाकूड कडू लागतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी ते कोणाकडून तरी ऐकलेलं बरं.

खरं उत्तर मांगरात नव्हतंच. चेनसॉचा काप धरून विचारणा केली तेव्हा ओंडके एका घराच्या डोंगरउतारावरून आल्याचं कळलं. तिथे काजूची नवी बाग लावायला जागा साफ केली होती. तोड ठेकेदाराच्या माणसांनी दसऱ्याच्या सुमारास केली, मालक हजर नव्हता. "काजूच्या बागेतलं लाकूड" असं तो सांगत होता आणि ऐकणारे "काजूचं लाकूड" असं ऐकत होते.

बुंधा सापडला. तोडून साडेतीन महिने झाले होते, आणि बुंध्याला हातभर उंचीचे फुटवे आले होते. पान काठीने उलटून पाहिलं: वीतभराहून बरंच मोठं, जाड, टोकाकडे रुंद होत जाऊन गोलसर संपणारं, खालची बाजू राखाडी. काजूचं पान इतकं मोठं नसतं आणि खालूनही हिरवंच असतं. आणखी एक शक्यता बाकी होती, रानबिबा. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यातलं हे झाड याच कुळातलं आणि तेवढंच दाहक. त्याच्या देठावर नख्यांसारखे मऊ काटे जोडीने असतात; इथे देठ साफ होता. बुंध्याखालचा पाचोळा काठीने पसरला तेव्हा गेल्या हंगामातल्या दोन बिया मिळाल्या: काळ्याभोर, चपट्या, एका बाजूला कललेल्या हृदयाच्या आकाराच्या. ही बी ज्याच्या आजीच्या बटव्यात होती त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. बिब्बा.

दोन खाजा

आता मुलांकडे. दुसऱ्या मुलाचं दुखणं या दोन ओंडक्यांशी तंतोतंत जुळलं. तो उजव्या हाताने ओंडके उचलून डाव्या हातावर रचून नेत होता, म्हणून फोड डाव्या हाताच्या आतल्या बाजूला. तळवे मात्र ठीक, कारण तळव्याची कातडी जाड असते आणि तिथे हे तेल सहसा भिनत नाही. एक दिवस उशीर लागला, तोही या तेलाच्या स्वभावाला धरून: शरीर त्याला ओळखून उलटतं तेव्हा एक-दोन दिवस जातात, आणि पहिल्यांदाच संबंध आला असेल तर आठवडाही. "माका काय होणा नाय" म्हणत ते लाकूड उचलणाऱ्यांची साक्ष म्हणूनच ग्राह्य धरायची नसते.

पहिल्याची गोष्ट जुळत नव्हती. खाज मिनिटांत आली, मान-खांद्यावर आली, फोड एकही नाही, आणि संध्याकाळपर्यंत निवळली. त्याने त्या दोन ओंडक्यांना हातच लावला नव्हता. खांद्यावरून त्याने आणली होती ती सहावी मोळी, रानवेलीने बांधलेली. वेलीवर सुकलेल्या, पिळलेल्या शेंगा लटकत होत्या. त्यांच्यावर तपकिरी सोनेरी लव. खाजकुइली.

काळं फडकं मोळीवर हलकेच टेकवून उन्हात धरलं तर लव चमकताना दिसली. तिचे केस त्वचेत टोचतात आणि त्यांच्यातलं प्रथिन खाज आणतं. ते जितकं चोळाल तितकं आत जातं. विहिरीवर जाऊन खसाखसा धुणं म्हणूनच चुकीचं ठरलं. आधी चिकटपट्टी दाबून-उचलून केस काढायचे, मग पाणी. बिब्ब्याचं बरोबर उलट: तिथे जितक्या लवकर साबण आणि भरपूर गार पाणी, तितकं चांगलं, आणि धुण्याआधी खोबरेल चोळलं तर तेलाबरोबर तेल पसरतं. दोन्ही खाजा एकच समजून दुसऱ्या मुलाला चिकटपट्टी आणि पहिल्याला साबणपाणी असा उलटा कारभार व्हायला वेळ लागला नसता. दुसऱ्या मुलाला आरोग्य केंद्रात पाठवलं. सूज चेहऱ्यावर किंवा डोळ्याभोवती असती तर सकाळीच पाठवायला हवं होतं.

उपसणं

एकदा नाव कळल्यावर शोध सोपा झाला. चेनसॉचा काप, राखाडी पांढरं मऊ लाकूड, करडी खरबरीत साल: या तीन खुणांवर ढीग पुन्हा चाळला. आदल्या दिवशी फोडून झालेल्या लाकडात त्याच झाडाच्या सात फाळी मिळाल्या आणि अकेशियात मिसळलेल्या मनगटाएवढ्या चार फांद्या. फोडायच्या जागेवरच्या ढलप्या निवडत बसण्यात अर्थ नव्हता. त्या सगळ्याच, किंजळाच्या धरून, पाणी शिंपडून धूळ बसवल्यावर फावड्याने गोळा केल्या. एकूण पस्तीस-चाळीस किलो.

हे लाकूड जाळायचं नव्हतं. शेतातही नाही, पेरणीआधी जमीन भाजतात त्या भाजावळीतही नाही. वाटेपासून आणि विहिरीपासून दूर तीन फुटांचा खड्डा, त्यात लाकूड आणि खाजकुइलीची मोळी, वर माती. खड्ड्यावर चुन्याची फुली मारली, म्हणजे पुढच्या पावसात कोणी तिथे कुदळ घालणार नाही.

महाप्रसादाला चुलाणं किंजळ, ऐन आणि वाळलेल्या अकेशियावर चालली. किंजळाच्या फाळी मनगटाएवढ्या बारीक केल्या होत्या. जड लाकूड जाड ठेवलं तर पेट धरायला वेळ घेतं आणि आचारी वरून रॉकेल ओततो. पहाटे एका चुलाणावर डोळे चुरचुरायला लागले आणि पुन्हा "बिबो" सुरू झालं. ओंडका बाहेर काढून पाहिला तर ओला अकेशिया; टोकातून फेस येत होता. तो काढल्यावर धूर थांबला.

एक गोष्ट राहून गेली. कुऱ्हाडीची पाती रॉकेलच्या चिंधीने पुसून साबणाने धुतली होती, मुलांचे कपडे वेगळे भिजवले होते. दांड्यांचा विचार कोणी केला नाही. लाकडी दांडा हाताचा घाम पितो तसं तेलही पितो. सप्ताह संपल्यावर तीन दिवसांनी, ज्याची कुऱ्हाड होती त्याच्या बोटांच्या बेचक्यांत फोड आले. साबण लावून, घासून, दोन वेळा धुऊनही दांड्याची खात्री देता येईना, म्हणून पातं काढून दांडा त्याच खड्ड्यात गेला.